सूक्ष्माचा हिशेब

डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या माणसांचे केस गळू लागले होते. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ होऊन मुठीमुठीने हातात यायचे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके तुळतुळीत व्हायचे. बाया, पुरुष, शाळकरी पोरे, सत्तरी ओलांडलेले म्हातारे, कुणीच त्यातून सुटले नाही. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली.

वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी या प्रकाराचे ‘टक्कल व्हायरस’ असे बारसे करून टाकले. नाव ठेवणाऱ्याला गंमत वाटली असेल. पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावरचा केस चार दिवसांत गेला, तर तिच्यावर आणि तिच्या आईबापांवर काय गुदरते, याची कल्पना करून पाहावी. मुलामुलींनी शाळा-कॉलेजात जाणे सोडल्याच्या, ठरलेली लग्ने अडल्याच्या बातम्या त्यामागून आल्याच. हा संसर्ग असावा, या भीतीने बाहेरचे लोक गावात यायला कचरू लागले.

पहिला संशय पाण्यावर गेला. ते स्वाभाविक होते. शेगावचा बराचसा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी मचूळ, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तपासणीत पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त सापडले. मात्र हे पाणी तिथले लोक पिढ्यान् पिढ्या पीत आले आहेत. खारपाणाने मूत्रपिंडाची दुखणी दिली, पण चार दिवसांत गावाचे मुंडण कधी केले नव्हते. मग बुरशी झाली, शांपू झाला. शांपूची शंका तर मोठी मजेची होती, कारण त्या गावांतल्या निम्म्या घरांत केस धुवायला अंगाचाच साबण वापरत असणार.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक जानेवारीत येऊन नमुने घेऊन गेले. त्याच सुमारास या गावांत आणखी एक गृहस्थ पोचले. विंचूदंशावरच्या उपचारामुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण रोग्याच्या घरापर्यंत जायचे, त्याने काय खाल्ले, काय प्याले ते विचारायचे, ही त्यांची सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे. त्यांनी रोग्यांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. नेहमीच्या मानाने रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम निघाले. मग त्यांनी घरातला गहू तपासला. शिधादुकानातून आलेल्या त्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते. तुलनेसाठी त्यांनी दिलेला नेहमीचा आकडा १.९ चा आहे. गहू धुऊन पाहिला, तर १३.६१. म्हणजे ही वरून लागलेली धूळ किंवा फवारलेले औषध नव्हते. ते दाण्याच्या आतच होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला आहे, असे बावस्करांचे म्हणणे. त्यांचे हे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. एप्रिलात त्याच भागातल्या काही लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याची बातमी आली. सेलेनियमचे पुस्तकी वर्णन वाचले, तर केसांच्या पाठोपाठ नखांचाच क्रमांक लागतो.

आता हे सेलेनियम म्हणजे आहे तरी काय?

स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याला १८१७ साली गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात हे मूलद्रव्य सापडले. त्याचे एक भावंड आधीच माहीत होते आणि त्याला पृथ्वीवरून ‘टेल्युरियम’ असे नाव मिळालेले होते. म्हणून याला चंद्राचे, ग्रीकांच्या सेलेनी या चंद्रदेवतेचे नाव मिळाले. आमच्या पिढीच्या नोकरदारांचा याच्याशी नकळत संबंध आलेला आहे. झेरॉक्सची यंत्रे नवी होती तेव्हा त्यांतल्या चकचकीत नळकांड्यावर सेलेनियमचाच लेप असे. कोंड्यावर चोळायच्या शांपूतही सेलेनियमचे एक संयुग असते. केसांचे आणि याचे नाते असे दुहेरी आहे.

शंभर-सव्वाशे वर्षे वैद्यकाच्या लेखी सेलेनियम हे फक्त विष होते. अमेरिकेतल्या डाकोटा भागात गुरांचे खूर गळून पडत, शेपटीचे केस झडत. हा धान्या-चाऱ्यातल्या सेलेनियमचा प्रताप आहे, हे १९३० च्या दशकात कळले. आणि मग १९५७ साली क्लाउस श्वार्ट्झ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हेच विष कणभर दिले तर उंदरांचे यकृत सडण्यापासून वाचते. १९७३ साली त्याचे शरीरातले एक काम नक्की समजले. पेशींमध्ये तयार होणारी, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जाळणारी द्रव्ये निकामी करणारे एक प्रथिन आहे, त्याच्या गाभ्यातच सेलेनियम बसलेले असते. माणसाच्या शरीरात सेलेनियम लागणारी अशी सुमारे २५ प्रथिने आहेत. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीने तयार केलेला रस शरीराला वापरण्याजोगा करायचा, तर तिथेही हेच लागते.

लागते किती? आपल्या आयुर्विज्ञान परिषदेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बँकेतल्या नोकरीने आकडा दिसला, की तो दोन्ही बाजूंनी पडताळायची खोड लावली आहे. दिवसाचे ४०, वर्षाचे ३६५ दिवस आणि सत्तर वर्षांचे आयुष्य असा गुणाकार केला, तर उत्तर येते जेमतेम एक ग्रॅम. जन्मभराचे सगळे सेलेनियम सोनाराच्या तराजूत गुंजा टाकून तोलावे इतके! आणि वरची मर्यादा? अमेरिकेच्या तज्ज्ञांनी ती दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम अशी ठरवली. युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. गरज आणि धोका यांच्यातले अंतर सहा ते दहा पटींचे. एकदा पाहता हे पुष्कळ वाटते. पण मीठ दहापट झालेले जिभेला कळते आणि माणूस ताट सरकवतो. सेलेनियमची पोळी मात्र नेहमीच्या पोळीसारखीच लागते, तशीच फुगते.

आता शेगावच्या गव्हाला हेच गणित लावू. किलोला १४.५२ मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम कणकेत १,४५२ मायक्रोग्रॅम. तीन पोळ्या खाणाऱ्या म्हातारीने अमेरिकी मर्यादा साडेतीन पटींनी ओलांडली. दिवसभर रानात राबून ३०० ग्रॅम कणीक खाणाऱ्या गड्याच्या पोटात ४,३५६ मायक्रोग्रॅम गेले. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. त्याचा जोडीदार आपल्याला चीनमध्ये भेटणार आहे.

केस आणि नखेच का, याचेही एक उत्तर शास्त्रज्ञ देतात. सेलेनियम हा गंधकाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचे वागणे इतके सारखे, की शरीर फसते. आमच्या शाखेत एकाच नावाचे दोन पाटील खातेदार असत आणि नव्या कारकुनाने एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाकली, की महिनाअखेर ताळा लागत नसे. इथे तसेच होते. गव्हाचे रोप जमिनीतून गंधक समजून सेलेनियम शोषते आणि आपल्या प्रथिनात बसवते. आपले शरीरही ते प्रथिन नेहमीचेच समजून घेते. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात, ते गंधकाच्या सांध्यांनी बांधलेले असते. त्या सांध्यांत हा चुलतभाऊ जाऊन बसला, की जोड कच्चा राहतो.

चीनमधल्या दोन गोष्टी आता सांगितल्याच पाहिजेत. सेलेनियमच्या दोन्ही टोकांची कहाणी एकाच देशात, तीही शेतकऱ्यांच्या घरात घडलेली, अशी दुसरीकडे नाही.

ईशान्य चीनमधल्या हेइलोंगजियांग प्रांतात केशान नावाचा एक तालुका आहे. १९३५ साली तिथे हृदयाच्या एका रोगाची साथ आली. हृदयाचे स्नायू झिजत, ठिकठिकाणी मरत आणि चांगली हिंडतीफिरती माणसे दगावत. बळी जात ते मुख्यत्वे लहान मुले आणि मुले होण्याच्या वयातल्या बाया. रोगाला तालुक्याचेच नाव पडले. पुढे नकाशावर खुणा केल्या, तेव्हा ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत देशाला आडवा जाणारा एक पट्टाच उमटला. त्या पट्ट्यातल्या जमिनीत सेलेनियम अगदी कमी होते आणि शेतकरी कुटुंबे फक्त आपल्या शेतातले धान्य खात. जवळच्याच गावातला, पण बाहेरचे मिश्र अन्न खाणारा माणूस सहसा वाचे.

१९७४ साली सिचुआन प्रांतातल्या मियानिंग भागात मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. वयाप्रमाणे आठवड्यातून एकदा अर्धा किंवा एक मिलिग्रॅम सोडियम सेलेनाइटची गोळी काही मुलांना दिली, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी दिली. वर्षअखेरीस नुसती गोळी घेतलेल्या ३,९८५ मुलांत ५४ जणांना रोग झाला होता. सेलेनियम घेतलेल्या ४,५१० मुलांत १० जणांना. दुसऱ्या वर्षीही असेच झाले. तेव्हा पुढे प्रयोग चालवण्यात अर्थ नाही, असे ठरवून १९७६ साली सगळ्याच मुलांना गोळी सुरू केली. हजारो आयांनी पोरांच्या तोंडात घातलेली ती कणभर गोळी म्हणजे गेल्या शतकातल्या स्वस्तात स्वस्त औषधांपैकी एक असेल.

केशानच्या कहाणीला एक शेपूट आहे. रोग ऋतूप्रमाणे कमीजास्त का होतो, हे निव्वळ सेलेनियमच्या तुटीने समजत नव्हते. अमेरिकेत मेलिंडा बेक आणि ऑर्व्हिल लेव्हँडर यांनी १९९५ साली दाखवले, की कॉक्सॅकी जातीचा एक निरुपद्रवी विषाणू सेलेनियम कमी असलेल्या उंदरांच्या अंगात गेला, तर तिथे त्याच्यात बदल होऊन तो हृदयाचे स्नायू पोखरू लागतो. नंतर तोच बदललेला विषाणू धडधाकट उंदरांनाही सोडत नाही. एकाच्या ताटातली उणीव अशी दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकते.

दुसरी गोष्ट हुबेइ प्रांतातल्या एन्शी भागातली. १९६१ ते १९६४ या वर्षांत तिथल्या काही गावांत लोकांचे केस आणि नखे गळली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या पाच गावांत २४८ माणसे होती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना हा त्रास झाला. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर आणि पावसाने ते झिरपून शेतात उतरलेले. पण कोळसा तर पूर्वीपासून तिथेच होता. मग त्याच वर्षी असे का झाले? दुष्काळाने भात बुडाला होता. लोकांनी मका आणि तिथेच उगवलेला भाजीपाला यांवर दिवस काढले; डाळदूध, मांसमच्छी यांचा पत्ता नव्हता. पुढे संशोधकांनी अशा भागातल्या माणसाच्या पोटात रोज सरासरी किती सेलेनियम जाते ते मोजले. आकडा निघाला ४.९९ मिलिग्रॅम, म्हणजे ४,९९० मायक्रोग्रॅम. शेगावच्या राबणाऱ्या गड्याचे आपण काढलेले ४,३५६ त्याच्या शेजारी ठेवून पाहावेत.

केशानला तुटवडा, एन्शीला अतिरेक. पण दोन्हीकडचे घर मात्र एकच. एकाच मातीतले एकच धान्य तिन्ही त्रिकाळ खाणारे. ज्याच्या ताटात चार ठिकाणचे चार जिन्नस येतात त्याला एका मातीचा दोष बाधत नाही, तो आपसूक पातळ होतो. चौरस आहार म्हणून पाठ्यपुस्तकात जे चित्र असते, त्याचा हा एक उपयोग कुणी आपल्याला शिकवलेला नाही.

आपल्या देशात सेलेनियमची माती आहे ती पंजाबात. नवांशहर, म्हणजे आताचा शहीद भगतसिंग नगर जिल्हा आणि होशियारपूर जिल्हा यांतल्या काही गावांत शिवालिकच्या टेकड्यांवरून पावसाच्या लोंढ्यांबरोबर येणारा गाळ साचला आणि त्यातून हे मूलद्रव्य साठत गेले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात धिल्लन दांपत्याने या जमिनींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. गुरांची शिंगे, खूर, केस जाणे, पिके पांढरी पडणे, माणसांची नखे आणि केस यांवर परिणाम होणे, हे सगळे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. या जमिनीत जिप्सम टाकले, तर त्यातले गंधक सेलेनियमशी स्पर्धा करते आणि दाण्यात उतरणारे सेलेनियम घटते, हा उपायही त्यांच्याच कामातून पुढे आला. म्हणजे रोग माहीत होता, त्याचा पत्ता माहीत होता, त्यावरचा स्वस्त उतारासुद्धा माहीत होता.

यात पंजाबच्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही. ही दूषित जमीन हजारभर हेक्टरांच्या घरातली आणि पंजाबातला गव्हाचा पेरा सुमारे ३५ लाख हेक्टरांचा. त्या पट्ट्यातला गहू उरलेल्या गव्हात मिसळला, तर त्यातले सेलेनियम शोधूनही सापडू नये. सरकारी खरेदीत सगळा माल सहज मिसळतो, असे आपण गृहीत धरतो. पण बँकेच्या क्लिअरिंगमध्ये बसलेल्या माणसाला माहीत असते, की हजार चेक एका थैलीत आले म्हणून ते एक होत नाहीत. ज्या शेतातले पोते तेच पोते राहते. एका मंडीतला ढीग एका गोदामात, तिथून एका मालगाडीत आणि एका तालुक्याच्या शिधादुकानांत न मिसळता पोचणे अगदी शक्य आहे.

आणि मंडीत तपासतात काय? ओलावा किती, काडीकचरा किती, आक्रसलेला आणि तुटका दाणा किती, कीड लागलेला किती. दाणा हातावर घेऊन, दाताखाली चावून कळते ते सगळे. शंभर वर्षांपूर्वीचा अडत्याही हेच पाहत होता. सेलेनियमचा दाणा याबाबतीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. टपोरा, सोनेरी, खणखणीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सेलेनियम नको, असे आपल्या मानक संस्थेने लिहून ठेवले आहे. सरकारी गहू खरेदीच्या कसोट्यांत मात्र सेलेनियमचा रकाना नाही.

ऐंशीच्या दशकात माझी काही वर्षे खामगावकडच्या एका ग्रामीण शाखेत गेली. पीककर्जाचे अर्ज भरताना शेतकऱ्याला विचारायचे, “काय पेरणार?” उत्तर ठरलेले. कपाशी आणि ज्वारी, कडेला तूर. कपाशी बँकेसाठी, ज्वारी घरासाठी. दुपारी कुणाच्या मळ्यात गेलो, तर ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा. गव्हाची पोळी सणावाराला किंवा साहेब येणार म्हणून. एकदा एका म्हातारबुवांनी आपण होऊन सांगितले होते, “साहेब, पोयीनं पोट भरत नाई, नुसतं तोंड भरते.” पुढे ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. सोयाबीन घरात शिजत नाही, ते सरळ बाजारात जाते. घरात शिजायला आला शिधादुकानाचा गहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्काचा झाला, जानेवारी २०२३ पासून फुकट झाला.

कुणी असा अर्थ काढू नये, की मी शिधावाटपाच्या विरोधात आहे. १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो माझ्या पिढीने खाल्ली आहे. परदेशातून आलेली ती ज्वारी नाक मुरडत खाल्ली, पण ती होती म्हणून माणसे जगली. शिधापत्रिकेवरच्या धान्याने या देशातली उपासमार किती थोपवली, हे कर्जाच्या फाइली घेऊन गरिबांच्या घरांत शिरलेल्याला सांगावे लागत नाही. म्हणूनच तर प्रश्न गंभीर होतो. शेगावचा शेतमजूर स्वतःच्या मातीचे धान्य खात होता, तेव्हा त्या मातीचे गुणदोष त्याच्या आज्या-पणज्यांनी अंगावर काढून पारखलेले होते. आता तो दीड हजार किलोमीटरवरच्या मातीचे धान्य खातो. त्या मातीचे भलेबुरे त्याला कोण सांगणार? आपल्यापैकी ज्यांना परवडते ते एका महिन्यात सिहोर, दुसऱ्या महिन्यात लोकवन घेतात, मधूनच भाकरी, भात, अंडी, मासे खातात. हा माणूस एकाच दुकानातला, एकाच पोत्यातला गहू महिनाभर खातो. एन्शीच्या दुष्काळात निसर्गाने जे केले, ते इथे वितरणाने केले.

आता थोडे शहराकडे वळू. माझ्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत निवृत्त लोकांचा भरणा आहे. त्यांच्यापैकी निदान तिघांच्या घरात सेलेनियमच्या गोळ्यांची बाटली आहे. एकाच्या मुलाने ती अमेरिकेतून पाठवली आहे. कॅन्सर टळतो, थायरॉइड सुधारतो, म्हातारपण लांबते, असा सगळ्यांचा समज. हा समज निराधार नव्हता. १९९६ साली अमेरिकेत लॅरी क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,३१२ लोकांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्याने त्वचेचा कॅन्सर टळतो का, हे पाहायचे होते. तो टळला नाही, पण प्रोस्टेटचा कॅन्सर मात्र बराच कमी झालेला दिसला. झाले, सेलेनियमचे भाग्य उजळले.

ते खरे की योगायोग, हे ठरवण्यासाठी २००१ साली ३५,५३३ पुरुषांवर नवा प्रयोग सुरू झाला. २००८ मध्ये तो मुदतीआधीच थांबवावा लागला. सेलेनियमने कॅन्सर टळत नव्हता. उलट क्लार्क यांच्याच प्रयोगाची पुन्हा छाननी झाली, तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह जास्त दिसल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या अंगात आधीच पुरेसे सेलेनियम होते, त्यांनी वर गोळी घेतल्यावर प्रोस्टेटच्या जहाल कॅन्सरचा धोका वाढला होता. ज्याच्या खात्यात तूट आहे त्याला कर्ज द्यावे; ज्याची शिल्लक भरलेली आहे त्याच्या गळ्यात कर्ज घातले, तर तो सट्टाच खेळणार. थायरॉइडमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या एका विकारात सुरुवातीच्या अवस्थेत सेलेनियमचा उपयोग होतो, असे २०११ सालच्या एका अभ्यासात दिसले आहे. पण तिथेही ते डॉक्टरांनी मोजून, सहा महिने दिलेले औषध होते. शेजाऱ्याने सांगितली म्हणून आणलेली बाटली नव्हे.

बाटलीही नेहमीच विश्वासाची असते असे नाही. २००८ साली अमेरिकेत एका पौष्टिक द्रवात उत्पादकाच्या हातून लेबलावरच्या आकड्याच्या २०० पट सेलेनियम पडले. दहा राज्यांतल्या २०१ लोकांना बाधा झाली. जुलाब, थकवा, सांधेदुखी आणि त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांचे केस गळले. शेगावसारखेच. फरक एवढाच, की तिथे बाटलीवर लेबल होते. त्यामुळे चूक काही आठवड्यांत पकडली गेली, माल परत बोलावला गेला.

अशा सूक्ष्म गोष्टीचा हिशेब एखादे राष्ट्र ठेवू शकते का? फिनलंडने ठेवला आहे. तिथली माती सेलेनियममध्ये दरिद्री. १९७० च्या दशकात तिथल्या माणसाच्या पोटात दिवसाला जेमतेम २५ मायक्रोग्रॅम जात. सरकारने लोकांना गोळ्या वाटल्या नाहीत. १९८४ पासून रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली. धान्याच्या खतात किलोला १६ मिलिग्रॅम, चाऱ्याच्या खतात ६. पिकातून ते गव्हात, चाऱ्यातून दुधात आणि मांसात उतरले. काही वर्षांतच माणशी प्रमाण शंभराच्या वर गेले. एवढे नको, म्हणून १९९० मध्ये सरसकट ६ केले. मग फार उतरले, म्हणून १९९८ मध्ये १०, २००७ मध्ये १५. रिझर्व्ह बँक व्याजदर वर-खाली करते तसा हा प्रकार. मात्र त्यासाठी धान्य, दूध, मांस आणि माणसांचे रक्त ते सतत तपासत राहिले. रोपाकडून सेलेनियम घेण्यातला मोठा फायदा असा, की तपासणीचा दोर हातात असेल तर ते सगळ्यांना सारखे मिळते आणि कुणाच्या ताटात ढीग पडत नाही.

आपल्याकडे उलटे काम करायचे आहे, पण ते फिनलंडपेक्षा कितीतरी सोपे. सगळ्या देशाची माती तपासायची गरज नाही. संशयाचे पट्टे नकाशावर आहेत. तिथल्या मंड्यांत येणाऱ्या मालाचे हंगामात नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवणे, जास्त निघाले तो माल माणसाच्या ताटाकडे न पाठवणे किंवा हिशेबाने मिसळणे, त्या शेतकऱ्याला त्याच्या गव्हाचा पूर्ण भाव देऊन वर जिप्समसाठी मदत करणे, एवढेच तर आहे. शेतकऱ्याचा भाव बुडणार असेल, तर तो नमुना देणार नाही आणि गहू रात्रीतून शेजारच्या मंडीत जाईल. चाळीस वर्षे कर्जदार पाहिल्यावर मला एवढे नक्की सांगता येते.

शेगावकडच्या बहुतेकांचे केस पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. गावांत आलेल्या गाड्या गेल्या, बातमीही गेली. शिधादुकानात गव्हाचे पोते येते, त्यावर खरेदीचे वर्ष, खरेदी करणाऱ्या संस्थेचे नाव आणि ५० किलो वजन छापलेले असते. त्याखाली आणखी एका आकड्यापुरती जागा सहज आहे.